जिथे वाकावं लागत नाही

४ ऑगस्ट

आत्या,

नमस्कार. आधीच सांगते, शुद्धलेखनाकडे बघू नकोस. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. आणि टाइप करताना एकेक अक्षर शोधावं लागतं. ऑफिसातले साहेब म्हणतात, गोगलगाय बरी. म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर यायला इतके दिवस लागले. फोनवर मला बोलता येत नाही ते तुला माहीतच आहे, माझं नाव घुमी तूच ठेवलंस.

बाबा म्हणाले, आत्याला परदेशी सहलीला जायचंय, तू त्या सहल कंपनीत आहेस तर तिला चांगला देश सुचव. आत्या, चांगलं काय ते मला खरंच माहीत नाही. माझ्याकडे फक्त तक्रारी येतात. लोक फिरून आले की एका कागदावर काय आवडलं, काय नाही ते लिहून देतात. आवडलेलं साहेब जाहिरातीला घेतात. न आवडलेलं मी देशाप्रमाणे वेगळं करून ठेवते. त्यामुळे मी सगळे देश उलट्या बाजूने ओळखते, शिंप्याला कापड ओळखू येतं तसे.

थायलंडबद्दल लोक म्हणतात, उकाडा जीव काढतो. व्हिएतनामला रस्ता ओलांडता येत नाही, स्कूटर थांबतच नाहीत, आपणच देवाचं नाव घेऊन चालत राहायचं. कंबोडियात देवळांच्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या. भूतानला डोंगराच्या कड्यावर मठ आहे, तिथे जाऊन आलेला प्रत्येक जण गुडघ्याबद्दल लिहितो, मठाबद्दल कुणीच नाही. सिंगापूरला तक्रार नाही, पण चार दिवसांत संपतं आणि मग लोक दुकानांतून फिरत बसतात. बाली तुझ्या शेजारणीचं झालंय, तेव्हा तू जाणार नाहीस.

मला तुझ्यासाठी जपान बरं वाटतं. स्वच्छ आहे. गाड्या वेळेवर. आणि तिथे सगळे वाकून नमस्कार करतात. दुकानातला माणूससुद्धा. तुला मान आवडतो.

तुझी पाठ कशी आहे? काकांच्या मुलाच्या लग्नात तू नाचत होतीस तेव्हा मी पाणी वाटत होते. नंतर तू कोपऱ्यातल्या बायकांना सांगत होतीस, हिला शाळेची आवडच नव्हती, डोकंच नाही चालत, म्हणून घरी बसवली. मी मागेच उभी होते. राग नाही आला. तुला पाणी दिलं आणि पुढे गेले.

घुमी

९ ऑगस्ट

घुमे,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून धन्य झाले. एवढं लिहिता येतं तुला! मी म्हटलं होतं की नाही, शाळेत गेली असतीस तरी काय दिवे लावले असतेस? त्यापेक्षा हे बरं. एसीत बसायचं, कागद लावायचे. नशीब समज.

जपान पक्कं. आमच्या इमारतीत जपानला कुणीच गेलेलं नाही. वरच्या मजल्यावरची श्रीलंकेला जाऊन आली तर वर्षभर तेच दळण दळत होती. आता कळेल तिला.

फक्त एक. एकटीसाठी वेगळी खोली घेतली तर भाव दुप्पट होतो म्हणे. ते काही मी देणार नाही. जोडीला कुणी बाई बघ. चांगल्या घरातली, पैसेवाली असली तर उत्तम, बोलायला माणूस मिळतं. घोरणारी नको. आणि तुमच्या गाईडला आधीच सांगून ठेव, माझा मणका सरकलेला आहे, मला काही उचलायला-बिचलायला लावायचं नाही.

लग्नातलं तू काय ऐकलंस कुणास ठाऊक. मला काही आठवत नाही. आडून ऐकायची सवय चांगली नाही, घुमे. तुझ्या आईवर गेलीस.

आत्या

२ सप्टेंबर

आत्या,

जोडीदारीण मिळाली. खोल्यांच्या जोड्या आमच्याकडे मीच लावते. कुणाचं वय काय, कोण पहाटे उठतं, कुणाला खिडकी लागते, ते बघून. साहेब नुसती सही करतात.

तुझ्या खोलीत डॉक्टरीणबाई आहेत. त्यांचे यजमान मोठे डॉक्टर होते, आता नाहीत. स्वतःचं मोठं घर आहे, गाडी आहे, ड्रायव्हर आहे. घोरत नाहीत, त्यांच्या मुलाला मुद्दाम विचारलं. जुन्या वळणाच्या आहेत आणि त्यांना सोबत लागते, एवढंच. तुझ्यासारखी बोलकी बाई आहे म्हटल्यावर त्यांचा मुलगा फार खूश झाला.

थंडी असेल, तेव्हा जाड मोजे घे.

आजीला जाऊन आता वर्ष झालं ते तुझ्या लक्षात असेलच. परवा तिची खाट विकली. माणूस ती उलटी करून खाली नेत होता तेव्हा मला तिच्या खालच्या पट्ट्या दिसल्या. मीच बांधल्या होत्या त्या, एक तुटली होती म्हणून. तिला कुशीवर कसं वळवायचं ते मला नर्सने एकदा दाखवलं होतं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि आधी सांगायचं, आजी, वळवते हं. न सांगता वळवलं की ती घाबरायची. तिला वाटायचं आपण पडतोय.

ठरलं होतं सहा महिने आमच्याकडे, सहा महिने तुझ्याकडे. आठवतं ना. आईची शिवणाची नोकरी सुटली असती म्हणून सहा महिन्यांपुरती मी शाळेतून रजा काढली. आणि तुझ्या सहा महिन्यांच्या आदल्या आठवड्यात तुझा मणका सरकला.

सरकला तो बरा झाला हे बघून आनंद वाटतो. जपानला पुष्कळ चालावं लागतं.

घुमी

१९ ऑक्टोबर

घुमे,

मोबाईलवर लिहितेय, अंगठे दुखायला लागलेत, बाकी अंग आधीच दुखतंय. तू मला हे कुणाच्या गळ्यात बांधलंस?

या बाईचे दोन्ही खुबे बदललेले आहेत. तिला वाकता येत नाही. म्हणजे मुळीच नाही. काही पडलं की ती त्याच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते. आणि बूट घोट्यापर्यंत नाडीचे, डॉक्टरांनी सांगितलेले, दुसरे काही घालायचे नाहीत. आणि हा देश कसला तर पावलोपावली बूट काढायचा! देवळात काढा. जेवायला बसताना काढा. परवा जुन्या पद्धतीच्या मुक्कामाला नेलं तिथे दारातच काढा, आत वेगळ्या सपाता, संडासाला आणखी वेगळ्या. ती खुर्चीवर बसते आणि पाय पुढे करते महाराणीसारखा. मी खाली. सोडते, काढते, घालते, बांधते. एका देवळात सगळी मंडळी सोन्याचा कळस की काय बघत होती, मी त्या बाईच्या नाडीची गाठ बघत होते.

खोली एवढीशी की एक जण उभी असेल तर दुसरीने बसायचं. त्या जुन्या मुक्कामात तिच्यासाठी पलंग आणला, माझी गादी जमिनीवर. ती पलंगावरून हाक मारते, मी जमिनीवरून उठते.

आणि बोलायला कुणी नाही. गाडीत सगळे मुके. मी जरा मोठ्याने हसले तर गाईड येऊन हळू बोला म्हणाला. वाकून म्हणाला, पण म्हणाला.

गाईडला मणक्याचं सांगितलं तर तो म्हणतो, मला ऑफिसने असं काही कळवलेलं नाही. तू कळवलं नाहीस? विसरलीस असशील. तुझं लक्ष कुठे असतं! ताबडतोब तुझ्या साहेबांना सांग आणि माझी खोली बदलून दे.

आत्या

२१ ऑक्टोबर

आत्या,

विसरले नाही. कळवलं नाही.

खोली बदलता येणार नाही, सगळ्या जोड्या लागल्यात. आणि मला बदलायची पण नाही.

त्या बाईंना वाकता येत नाही हे मला माहीत होतं. त्यांच्या मुलाने जुलैतच सांगितलं होतं, आणि एकटीच्या खोलीचे दुप्पट पैसे तू देणार नाहीस हेही मला ठाऊक होतं. साहेब म्हणाले होते, जोडीला कुणीतरी धडधाकट आणि मायाळू बघ. मी तुला बघितलं. निदान धडधाकट तरी आहेस, ते लग्नात दिसलं.

देश पण मी तसाच शोधला. थायलंडलाही देवळात चपला काढतात, पण तिथे उकाड्यात लोक सपाता घालतात, पाय झटकला की निघाली. सिंगापूरला काढायचं फारसं काम पडत नाही. भूतानला त्या बाई गेल्याच नसत्या. थंडी पाहिजे, नाडीचे बूट पाहिजेत आणि दारोदार काढायला पाहिजेत. मी दोन दिवस तक्रारी वाचत बसले होते. एका माणसाने लिहिलं होतं, बूट काढ-घाल करून माझी कंबर गेली. ते वाचलं आणि मला कळलं, हाच देश.

तू आजीकडे यायचीस ते दारातून. आत येऊन बसली नाहीस कधी. वास येतो म्हणायचीस. पिशवीभर फळं आणायचीस, जी तिला चावता यायची नाहीत, आणि मला सांगायचीस, नीट बघ हं माझ्या आईकडे. माझ्या आईकडे, असं म्हणायचीस.

तेव्हा काही दिवस तू बघ. तुझी आई नाहीये, पण वाकून बघ.

बूट घालताना आधी बुटाची जीभ वर ओढून घे, नाहीतर पाय आत जात नाही आणि त्या माणसाला लाज वाटते. आजीला मोजे घालताना मी असंच आधी मोज्याचं तोंड ओढून धरायचे.

घुमी

६ नोव्हेंबर

घुमे,

मी परत आले. आल्या दिवसापासून विचार करतेय तुला काय लिहावं. एवढंसं मांजर आणि एवढी नखं! तुझ्या बापाला अजून काही सांगितलं नाही, त्याचं ब्लडप्रेशर बघून. पण तुझ्या त्या साहेबांना मी भेटायला येणार आहे. गिऱ्हाईकाला मुद्दाम त्रास देणारी पोरगी ते एक दिवस ठेवणार नाहीत. मग बस घरी. या वेळेला आजीपण नाही सांभाळायला.

आणि एक सांगते. तुला वाटलं असेल मी रडकुंडीला येईन. मुळीच नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या समोर डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या, म्हणाल्या, अशी बाई मी पाहिली नाही, या वयात काय पाठ आहे, काय गुडघे आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाईडने पण. मी म्हटलं, अहो, त्यात काय, तुम्ही हाक मारा, मी कुठल्याही देशात येईन. इमारतीत सगळ्यांना सांगून झालंय. तेव्हा तुझा बाण तुलाच लागला.

सोमवारी येते ऑफिसात.

आत्या

२० नोव्हेंबर

आत्या,

सोमवारी आली नाहीस. त्याच्या पुढच्या सोमवारी पण नाही. साहेबांची केबिन मी रोज झाडून ठेवत होते, तुला बसायला.

तू आली नाहीस, पण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना फार चालायला नको म्हणून ड्रायव्हरने लिफ्टपर्यंत गाडी आणली. साहेब उठून उभे राहिले. त्या म्हणाल्या, जोडी कुणी लावली? साहेबांना वाटलं आता संपलं, ते माझ्याकडे बोट दाखवून मोकळे झाले. बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. मला वाटलं, तू त्यांना सगळं सांगितलंस.

तू नव्हतं सांगितलंस. त्या मला म्हणाल्या, पोरी, माझ्या पोटच्या मुलाने माझे बूट कधी बांधले नाहीत, तुझ्या आत्याने बांधले. तोंडाने कटकट करते, पण गाठ छान बांधते.

तू म्हणाली होतीस ना, कुठल्याही देशात येईन? त्यांनी ते खरं धरलंय. घरात त्यांना करमत नाही. आता त्यांना फिरायचं नाही, राहायचंय. तीन महिने, एखाद्या चांगल्या देशात, भाड्याचं घर घेऊन. तुझा सगळा खर्च त्यांचा. फक्त देश ठरायचाय, आणि तो मी सुचवायचा असं त्यांनी साहेबांना सांगितलंय. साहेब आता मला गोगलगाय म्हणत नाहीत.

जाताना त्यांनी विचारलं, "मला वाकावं लागणार नाही असा देश सांग."

मी एरवी बोलत नाही, तुला माहीत आहे. पण बोलून गेले. "तसा देश नसतो, आजी. कुणीतरी वाकणारं माणूस लागतं."

त्या हसल्या. म्हणाल्या, ते तर मिळालंय.

घुमी

२३ नोव्हेंबर

बाळ,

मी सोमवारी आले नाही कारण जाऊ दे म्हटलं. लहान आहेस. चुकलं असेल. माझ्या मनात काही नाही.

पण हे तीन महिन्यांचं काय काढलंस! त्या बाईंचा फोन आला. मी हो-हो करत राहिले. काय करू? इमारतीत सगळ्यांना सांगितलंय मी. वरच्या मजल्यावरचीने तर पेढ्याची मागणी केली. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणू? आणि तीन महिने, बाळ! सहलीत निदान दुसरी माणसं होती, बस होती, गाईड होता. इथे ती आणि मी आणि चार भिंती. ती रात्री हाक मारते तेव्हा आधी माझं नाव घेत नाही, नुसतं "अगं" म्हणते. मला झोपेत वाटतं माझी आईच हाक मारतेय. घाम फुटतो मला.

तेव्हा एक काम कर. तुझ्या हातात आहे. त्यांना सांग की असा एकही देश नाही. कुठे उकाडा, कुठे भूकंप, कुठे दवाखाना लांब. तुझ्याकडे एवढ्या तक्रारी आहेत, सगळ्या वाचून दाखव. जाणकार माणसाने सांगितलं की त्या ऐकतील, आणि माझं तोंडही राहील. नाहीतर मला परत मणका सरकवून घ्यावा लागेल, आणि या वेळेला लोक हसतील.

तू माझी गुणी भाची आहेस. तुझ्यासाठी जपानहून छत्री आणलीय, द्यायची राहिली.

तुझी आत्या

२५ नोव्हेंबर

आत्या,

"परत" सरकवून घ्यावा लागेल असं तू लिहिलंस. मी ते तीनदा वाचलं.

छत्री नको. मला दुसरं पाहिजे.

मी शाळेत हुशार नव्हते, पण ढ पण नव्हते. भूगोलाच्या बाई मला नकाशा भरायला फळ्यापाशी बोलवायच्या, कारण नकाशा भरताना बोलावं लागत नाही. मी शाळा सोडली नाही. मला काढलं. तू आजीला नेलं नाहीस म्हणून. आणि ते सांगायच्या ऐवजी तू नातेवाइकांत सांगत फिरलीस की हिचं डोकं चालत नाही. आता कुणाकडेही गेलं की ते माझ्याशी हळू आणि मोठ्याने बोलतात, बहिऱ्याशी बोलावं तसं. काकू मला वजाबाकी समजावते. गेल्या महिन्यात एक स्थळ आलं होतं, मी अजून लहान आहे म्हणून आईने परत पाठवलं. पण त्यांनी काय विचारलं माहीत आहे? मुलगी थोडी मंद आहे असं ऐकलं, खरं का.

तू फोन कर. बाबांना. रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसतो तेव्हा, काका-काकू पण येतात. बाबा फोन स्पीकरवर ठेवतात. तू सांग की तुझा मणका कधीच सरकला नव्हता. सांग की तुला आजी नको होती. आणि सांग की पोरीचं डोकं चालत होतं, तिला माझ्यामुळे घरी बसावं लागलं. तुझ्या तोंडाने. चिठ्ठी, निरोप काही चालणार नाही.

देशाचं मी सोमवारी बाईंना सांगणार आहे. तू आधी सांग, मग मी सांगते.

घुमी

२८ नोव्हेंबर

घुमे,

एवढी निर्दय कुठून झालीस कळत नाही. तुझं वय खेळायचं.

मला आई नको होती असं नाही. मला ती तशी बघवत नव्हती. ती मला लहानपणी एका हाताने उचलून ओट्यावर बसवायची. पण हे तुला कशाला सांगू, तू कुठे ऐकणार आहेस.

ठीक आहे. रविवारी करते फोन. मग तू तुझं काम चोख कर.

आत्या

३ डिसेंबर

आत्या,

तुझा फोन आला तेव्हा मी भात वाढत होते. तू आधी हवापाण्याचं बोललीस, मग त्या बालीवाल्या शेजारणीचं, मला वाटलं हिला जमणार नाही. मग तू सांगितलंस. सगळं सांगितलंस, एक गोष्ट पण गाळली नाहीस. आवाज बारीक झाला होता तुझा. तू ठेवलास तेव्हा काकूने माझ्याकडे बघितलं आणि लगेच ताटात बघायला लागली. काका म्हणाले, असं होतं तर! आई उठून मोरीपाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

मी बाबांकडे बघत होते. मला वाटलं होतं त्यांना राग येईल. ते तुला परत फोन करतील, भांडतील. निदान माझ्याकडे बघतील.

बाबांनी घास संपवला. म्हणाले, "मला तेव्हाच अंदाज होता. पण घरात कुणीतरी हवंच होतं ना."

आणि आमटी मागितली.

मी वाढली. इतकी वर्षं मी तुझ्यावर दात धरून होते, आत्या, आणि माझ्या शेजारीच बसून रोज जेवणारा माणूस होता. त्यांचं मी नंतर बघीन. त्यांनाही कधीतरी कुठेतरी जावंसं वाटेलच, आणि ते मलाच विचारतील.

आता तुझं.

काल डॉक्टरीणबाई आल्या होत्या. तू म्हणाली होतीस तसं मी सगळे देश एकेक करून त्यांच्यापुढे मांडले. जपान थंड आणि खोल्या लहान. कोरियाला चढ-उतार फार. व्हिएतनामला फुटपाथवर स्कूटर लावलेल्या असतात, काठी घेऊन चालता येणार नाही. थायलंडला भाषेची अडचण. सिंगापूर उत्तम, पण तीन महिन्यांचं भाडं ऐकून त्यांचा मुलगा आडवा होईल. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. इथेच थांबले असते तर तुझं काम झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, एकही नाही का गं?

आत्या, तू मला खोटं बोलायला सांगितलं होतंस. मी तुला हो म्हटलेलं नाही, माझी पत्रं काढून बघ. मी म्हटलं होतं, तू सांग, मग मी सांगते. तू सांगितलंस, मी सांगितलं. मलेशिया. उंच इमारतीत मोठं घर मिळतं, सिंगापूरपेक्षा पुष्कळ स्वस्त. लिफ्ट आहे. दवाखाने चांगले आहेत, इंग्रजी चालतं आणि थंडी नाही. लोकांची तक्रार एकच आहे, की दुपारी फार पाऊस पडतो आणि घरात बसून राहावं लागतं. बाई म्हणाल्या, मला घरातच बसायचंय. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी माझ्या गालाला हात लावला. त्यांच्यासाठी तो खरंच सगळ्यात चांगला देश आहे. व्हिसाचं वगैरे साहेब बघतायत.

मग त्यांनी विचारलं, पण तुझी आत्या येईल ना? तिच्या पाठीचं काही नाही ना?

मी म्हटलं, काही नाही. तिचा मणका कधीच सरकला नव्हता, तिने स्वतः रविवारी सगळ्या घराला सांगितलंय. हवं तर माझ्या बाबांना विचारा, काकांना विचारा.

तेव्हा आता ते कारण चालणार नाही. तयारीला लाग. तिथे जाड मोजे लागत नाहीत. रात्री त्यांना उठवताना आधी सांगत जा.

आमच्या ऑफिससमोरच्या इस्त्रीवाल्याला जुळ्या मुली झाल्या. एक मोठी आहे आणि एक अगदीच लहान, पण रडते लहानच जोरात.

घुमी